वाचकांचे प्रश्न : साहेबाचा बंगला मागच्या बाजूने

जुन्या वाड्यांविषयीची उत्तरे या सदरात प्रसिद्ध झाल्यावर खानदेशातून बरीच पत्रे आली आणि त्यांतील बहुतेक पत्रांचा विषय एकच निघाला : जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी, कचेरीपासून थोड्या अंतरावर, कडुनिंबाच्या गर्द सावलीत उभा असलेला इंग्रजी अमदानीतील सरकारी बंगला. कोठे त्यात अधिकारी राहतात, कोठे त्याचे विश्रामगृह झाले आहे, तर कोठे कुलूप गंजून गेले आहे. या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. जवळच्या गावात एक जुना, वापरात नसलेला सरकारी बंगला आहे. नववीच्या मुलांना तो दाखवावा असे मनात आहे. गावातील मंडळी सांगतात की तो दोनशे वर्षांचा असून त्यात औट्रम साहेब राहत असे. हे खरे मानावे का, आणि मुलांना तेथे नेमके काय दाखवावे?

उत्तर : आधी परवानगीविषयी. बंद बंगला बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ताब्यात असतो, क्वचित महसूल किंवा वन विभागाच्या. शाळेच्या पत्रावर, तारीख, वेळ, विद्यार्थ्यांची संख्या आणि सोबतच्या शिक्षकांची नावे देऊन उपविभागीय अभियंत्यांकडे अर्ज करावा. रखवालदाराशी गोड बोलून आत शिरण्याची रीत आपल्याकडे सर्रास आहे, परंतु एखाद्या मुलाचा पाय कुजलेल्या फळीतून आत गेला तर पहिली गदा त्या रखवालदारावरच येते, हे आपण ध्यानात घ्यावे.

आता औट्रमविषयी. जेम्स औट्रम खानदेशात आला तो १८२५ साली, भिल्लांची पलटण उभारण्याच्या कामगिरीवर. पलटणीचे ठाणे धरणगावी होते आणि सुमारे दहा वर्षे, म्हणजे १८३५ पर्यंत, तो या मुलखात वावरला. वाघांच्या शिकारीमुळे त्याचे नाव गावोगाव झाले आणि चाळीसगावहून कन्नडकडे चढणाऱ्या घाटालाही त्याचेच नाव पडले. याचा परिणाम असा झाला आहे की खानदेशात जी जुनी इमारत बेवारस दिसेल ती औट्रमच्या नावावर चढते. त्याच्या नंतर शंभराहून अधिक वर्षे या जिल्ह्यात कलेक्टर, असिस्टंट कलेक्टर, पोलीस सुपरिंटेंडेंट, जंगल अधिकारी आणि इंजिनिअर येत-जात राहिले, त्यांच्यासाठी बंगले बांधले गेले, परंतु त्यांची नावे कोणाच्या तोंडी राहिली नाहीत. तेव्हा गावकऱ्यांचे म्हणणे मुलांना अवश्य सांगावे आणि मग ते इमारतीलाच विचारून पाहावे.

विचारायचे कसे, तर छपरापासून सुरुवात करावी. आवारात एखादे फुटके मंगळुरी कौल पडलेले हमखास सापडते. ते उलटे करून झाडावे. पाठीवर कारखान्याचे आणि गावाचे नाव उठावदार अक्षरांत दिसते, कधी कधी एखादे चित्रचिन्हही असते. बाझल मिशन या ख्रिस्ती संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली, आणि या प्रकारची कौले त्यानंतरच देशभर पसरली. म्हणजे ते कौल औट्रमच्या डोक्यावर असण्याचा संभव नाही. अर्थात छप्पर म्हणजे सगळी इमारत नव्हे. नळीची देशी कौले माकडांनी आणि पावसाने फुटली की ती काढून पुढे मंगळुरी कौले घातली, असे कितीतरी ठिकाणी झाले आहे. म्हणून मग भिंतीकडे वळावे. जेथे गिलावा सुटला असेल तेथे सांध्यातील माल नखाने खरवडून पाहता येतो : पांढुरका, भुसभुशीत, मधूनच विटेचा चुरा दिसणारा असेल तर तो घाणीत मळलेला चुना, करडा, कठीण आणि नखाला दाद न देणारा असेल तर सिमेंट. आपल्या देशात सिमेंटचे व्यापारी उत्पादन पोरबंदरला १९१४च्या सुमारास सुरू झाले, त्यामुळे मूळ बांधणीतच सिमेंट असेल तर ती इमारत विसाव्या शतकातली समजावी. व्हरांड्यावर लोखंडी तुळया असतील तर त्यांच्या उभ्या पट्टीवर विलायती कारखान्याचे नाव वाचता येते का, हेही पाहावे. अशा पोलादी तुळया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येऊ लागल्या. याउलट सगळे काम सागवानाचे असेल, तुळयांवर रंध्याऐवजी तासणीचे घाव दिसत असतील, भिंती दीड-दोन फूट जाडीच्या आणि चुन्यातल्या असतील, तर वय मागे नेण्यास जागा आहे. यांपैकी कोणताही एक पुरावा पुरेसा नाही. तीन-चार एकाच दिशेने बोट दाखवू लागले की मगच बोलावे.

मुलांना काय दाखवावे, हा आपल्या पत्रातील मला सर्वांत आवडलेला भाग. माझी सूचना अशी की त्यांना पोर्चमधून आत नेऊ नये. पोर्च, खांब, मोठा दिवाणखाना हे सर्व आलेल्या माणसावर छाप पाडण्यासाठी बांधलेले असते आणि मुलेही तेथेच रमतात. त्यांना आवाराला वळसा घालून मागच्या बाजूने न्यावे. तेथे मुख्य घरापासून सुटा, पण झाकलेल्या वाटेने जोडलेला बावर्चीखाना असतो. आग, धूर आणि चुलीचा ताव घराबाहेर राहावा म्हणून तो दूर ठेवलेला असे. जेवण त्या वाटेने घरात जाई. त्यापलीकडे नोकरांच्या खोल्यांची रांग, घोड्यांचा तबेला, गाडीखाना आणि विहीर. नोकरांच्या एका खोलीचे आणि साहेबाच्या न्हाणीघराचे माप मुलांकडून घेववावे आणि दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. त्यापुढे इंग्रजी राज्यावर वेगळे व्याख्यान द्यावे लागणार नाही.

न्हाणीघराला बाहेरच्या बाजूने एक अरुंद दार असते. मैला उचलणाऱ्याने घरात पाऊल न टाकता येऊन जावे, यासाठी ते ठेवलेले असे. साहेबाने ही सोय केली, ती आपल्याकडच्या जातिव्यवस्थेच्या जोरावर. दोन्हींपैकी कोणालाही झाकून न ठेवता हे दार मुलांना दाखवावे. जुन्या बंगल्यांवर हल्ली लिहिले जाणारे कौतुकाचे लेख या दारापाशी कधी येत नाहीत.

त्यानंतर घरात यावे आणि मान वर करावी. मोठ्या खोलीच्या आढ्याला ओळीने लोखंडी कड्या किंवा आकडे दिसतील. त्यांना लाकडी दांडीचा, खाली कापडी झालर असलेला पंखा टांगलेला असे आणि त्याची दोरी भिंतीतील भोकातून मागच्या व्हरांड्यात जाई. ते भोक शोधणे हे मुलांसाठी उत्तम काम आहे. पुढे वीज आल्यावर बऱ्याच ठिकाणी ते बुजवले गेले, तरी गिलाव्यात त्याची गोल खूण राहते. आणि जेथे ते शाबूत आहे तेथे बोट घालून पाहिले तर चौकटीच्या लाकडाला खालच्या अंगाने एक गुळगुळीत खाच पडलेली हाताला लागते. वर्षानुवर्षे दोरी पुढे-मागे घासून ती खाच पडते. दोरीच्या पलीकडच्या टोकाला बसून दुपारभर आणि रात्रभर पंखा ओढणाऱ्या माणसाची नोंद पगारपत्रकाखेरीज बहुधा कोठेच मिळत नाही, पण त्या खाचेत ती मिळते.

खानदेशातील उन्हाळा लक्षात घेतल्याशिवाय हा बंगला समजत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि आपल्या लोकांनी त्यावर धाब्याचे घर हा तोडगा फार पूर्वी काढला होता : जाड मातीच्या भिंती, वर लाकूडफाटा व त्यावर मातीचा जाड थर, लहान झरोके, आणि रात्री झोपायला धाबे. साहेबाने याच्या उलट वाट धरली. त्याने छत उंच नेले, चारही बाजूंनी व्हरांडा फिरवून भिंतींवर ऊन पडू दिले नाही आणि तापलेली हवा निघून जावी म्हणून छताखाली दोरीने उघडमीट करता येणाऱ्या छोट्या खिडक्या ठेवल्या. एवढे करूनही भागत नसे, तेव्हा दारांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर सतत पाणी मारले जाई. म्हणजे पाणी मारणारा आणि पंखा ओढणारा ही माणसेदेखील त्या थंडाव्याच्या यंत्रणेचाच भाग होती. ती माणसे निघून गेल्यावर हा बंगला धाब्याच्या घराइतका थंड राहत नाही, हे मुलांना थर्मामीटर लावून पडताळता येईल. एक तास दुपारचा आणि एक सायंकाळचा, दोन्ही घरांत एकाच दिवशी. हा प्रयोग विज्ञानाच्या शिक्षकांनाही पटेल.

शेवटची गोष्ट : तालुक्याच्या गावातील असा बंगला अनेकदा कोणाचे कायमचे घर नसे. पावसाळा संपला की कलेक्टर आणि विशेषतः त्याचे असिस्टंट जिल्ह्यात फिरतीवर निघत आणि महिनोन्महिने तंबूंत किंवा अशा बंगल्यांत मुक्काम करीत. जमाबंदी, तक्रारी, दप्तर-तपासणी हे सारे तेथेच चाले. तेव्हा दिवाणखान्यात पियानो शोधण्यापेक्षा व्हरांडा किती रुंद आहे ते पाहावे. अर्ज घेऊन आलेली रयत तेथेपर्यंतच येऊ शकत असे.

प्रश्न : धुळ्याचे कलेक्टर निवासस्थान कॅप्टन ब्रिग्जच्या काळातील आहे का? आणि आम्हां नागरिकांना ते आतून पाहता येईल का? — एक वाचक, देवपूर, धुळे

उत्तर : १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे त्याचा कारभार सोपवण्यात आला. त्याने मुख्य ठाण्यासाठी धुळे निवडले. आग्र्याच्या वाटेवर, पांझरेच्या काठी आणि जिल्ह्याच्या साधारण मध्यावर असलेले हे गाव त्याला सोयीचे वाटले, आणि जुन्या वस्तीलगत त्याने सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली. बऱ्हाणपूर व इतर ठिकाणांहून व्यापारी आणि कारागीर आणून तेथे वसवण्याचा प्रयत्न केला. हाच ब्रिग्ज पुढे फेरिश्ताच्या फारसी इतिहासाचा इंग्रजी अनुवादक म्हणून ओळखला गेला. तो अनुवाद १८२९ मध्ये प्रसिद्ध झाला. धुळेकरांना त्याची ही दुसरी ओळख फारशी नसते.

मात्र शहर ब्रिग्जने आखले म्हणून त्यातील प्रत्येक सरकारी इमारत त्याची ठरत नाही. सुरुवातीच्या अधिकाऱ्यांची घरे साधी, मातीविटांची आणि गवताने किंवा देशी कौलांनी शाकारलेली असत. सरकारी बांधकामासाठी वेगळे खाते उभे राहिले ते डलहौसीच्या काळात, १८५४-५५च्या सुमारास, आणि आज जी भक्कम, ठरावीक आराखड्याची घरे दिसतात ती मुख्यत्वे त्यानंतरची. आपल्या निवासस्थानाचे बांधकाम-वर्ष सार्वजनिक बांधकाम विभागाच्या इमारत नोंदवहीत पाहावे. त्या नोंदवहीत बांधकामाचा खर्च आणि पुढील मोठ्या दुरुस्त्या यांचीही नोंद असते.

जळगावकरांसाठी येथेच एक खुलासा करतो, कारण तेथूनही याच आशयाचे पत्र आले आहे. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि पूर्व खानदेशाचे मुख्य ठाणे जळगाव ठरले. कापसाचा व्यापार आणि रेल्वे यांमुळे ते गाव आधीच वाढले होते. तेव्हा जळगावात कलेक्टरचे निवासस्थान म्हणून बांधलेली वास्तू त्याआधीची असणे संभवत नाही. ती दुसऱ्या एखाद्या अधिकाऱ्यासाठी किंवा व्यापाऱ्यासाठी बांधलेली असून नंतर घेतली असेल तर गोष्ट वेगळी. नंदुरबार तर जिल्हा झाला तोच १ जुलै १९९८ रोजी. तेथील जुने सरकारी बंगले दुय्यम अधिकाऱ्यांच्या मुक्कामाचे असणार.

आतून पाहण्याविषयी : जेथे अधिकारी सहकुटुंब राहतात ते घर आहे, संग्रहालय नव्हे. अभ्यासाचे निश्चित कारण देऊन लेखी विनंती केली तर दर्शनी भाग आणि आवार पाहण्यास परवानगी मिळू शकते. न मिळाल्यास वाईट वाटून घेऊ नये. त्याच काळातील कचेऱ्या, न्यायालये आणि विश्रामगृहे यांत दिवसा कोणालाही जाता येते आणि बांधणीचे सर्व विशेष तेथेही दिसतात.

प्रश्न : लळिंगच्या कुरणातील लांडोर बंगल्याविषयी माहिती द्यावी. तोही इंग्रज अधिकाऱ्यांचाच ना? — एक वाचक, मोहाडी

उत्तर : बांधला गेला तो सरकारी मुक्कामासाठी, परंतु आज तो ओळखला जातो डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या वास्तव्यामुळे. १९३७ साली न्यायालयीन कामानिमित्त ते धुळ्यास आले असता या बंगल्यात राहिले होते, आणि त्या आठवणीने दरवर्षी ३१ जुलै रोजी तेथे भीमस्मृती यात्रा भरते. एरवी रानात मोरांचे आवाज ऐकू येणारी ही जागा त्या दिवशी माणसांनी फुलून जाते. सरकारी बंगल्यांच्या इतिहासात कोणत्या साहेबाने कोठे मुक्काम केला याला महत्त्व दिले जाते. लळिंगला लोकांनी तो क्रम स्वतः बदलला, आणि एकाही साहेबाचे नाव आज तेथे निघत नाही. पाहण्यास जावयाचे असल्यास खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या काळापासूनचा लळिंग किल्ला त्याच फेरीत करावा, मात्र कुरण वन विभागाच्या अखत्यारीत आहे याचे भान ठेवावे.

प्रश्न : भुसावळच्या रेल्वे वसाहतीतील अधिकाऱ्यांचे बंगले कलेक्टर कचेरीच्या नोंदीत सापडत नाहीत. असे का? — निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : कारण ते मुळात सरकारचे नव्हतेच. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही कंपनी होती आणि तिची व्यवस्था सरकारकडे आली १९२५ मध्ये. त्याआधीचे नकाशे, खर्च आणि वाटपाच्या नोंदी कंपनीच्या, म्हणजे आज मध्य रेल्वेच्या दप्तरात शोधाव्या लागतील. भुसावळच्या बंगल्यांची मांडणीही निराळी आहे : कलेक्टरचा बंगला एकटा, मोठ्या आवारात; रेल्वेचे बंगले हुद्द्याप्रमाणे ओळीने, आणि ओळ बदलली की व्हरांड्याची रुंदी बदलते. आपण तेथे आयुष्य काढले आहे, तेव्हा हे मी आपल्याला सांगावे असे नाही.

आपल्या गावात असताना मेजर रॉबर्ट गिल याची कबर मात्र अवश्य पाहावी. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी त्याची १८४४ साली नेमणूक झाली. त्याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या प्रतिकृतींपैकी बऱ्याचशा १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या, तरी तो पुन्हा कामास लागला आणि १८७९ मध्ये भुसावळला त्याचा दफनविधी झाला. अजिंठा गावातील ज्या बारादरीत तो राहिला ती निजामाच्या हद्दीत होती, म्हणून ती या उत्तराच्या कक्षेबाहेर ठेवतो.

प्रश्न : आमच्या भागातील बंगल्याखाली भुयार असून ते तापीपर्यंत जाते आणि आवारातील वडावर इंग्रज सरकार लोकांना फाशी देई, असे म्हातारी माणसे सांगतात. आम्ही मित्र रात्री जाऊन पाहणार आहोत. — महाविद्यालयीन विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : रात्री जाऊ नये. भुतांच्या भीतीने नव्हे, तर साप, वटवाघळे, आग्या मोहोळ आणि कुजलेले तक्तपोशीचे लाकूड यांच्यामुळे. शिवाय सरकारी मालमत्तेत रात्री विनापरवाना शिरल्याचा गुन्हा भुतांच्या शोधासाठी म्हणून माफ होत नाही.

भुयाराची उकल सोपी आहे. या बंगल्यांचे जोते तीन-चार फूट उंच असते आणि त्याच्या पोटात काही ठिकाणी कमानी ठेवून पोकळी राखलेली असते, म्हणजे ओल वर चढत नाही, खालून हवा खेळती राहते आणि वाळवी लागली तर दिसते. जोत्याला बाहेरून जी जाळीची किंवा कमानीची छिद्रे दिसतात ती या पोकळीची तोंडे होत. लहान मुलाने त्यातून वाकून पाहिले की आत अंधार लांबवर जाताना दिसतो. बाकीचे अंतर, तापीपर्यंतचे, सांगणाऱ्याने भरलेले असते. क्वचित ते पावसाचे पाणी वाहून नेणारे दगडी गटारही असू शकते.

फाशीविषयी मात्र आपल्या तालुक्यालाच एक खरी आणि कटू घटना आहे, आणि ती शोधण्यासाठी वडाखाली जाण्याची गरज नाही. फेब्रुवारी १८१८ मध्ये सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने थाळनेरचा किल्ला घेतला. दरवाजात झालेल्या झटापटीत इंग्रज अधिकारी मारले गेले म्हणून आतील शिबंदीची कत्तल करण्यात आली आणि किल्लेदार तुळशीराम मामा यास फासावर चढवण्यात आले. या कृत्यावर खुद्द इंग्लंडातही टीका झाली होती. पुढे १८५७ साली सेंधव्याच्या घाटात सरकारी खजिना लुटणारा खाज्या नाईक हाही आपल्याच परिसरातला. थाळनेर शिरपूरहून दूर नाही. तापीच्या काठावर किल्ल्याचे अवशेष आहेत. मित्रांसह एखाद्या सकाळी तेथे जावे आणि वडाची गोष्ट सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना सोबत नेता आले तर आणखी बरे. त्यांच्या सांगण्यात थाळनेरचीच आठवण बंगल्याच्या वडावर येऊन बसली आहे का, हे त्यांच्याशी बोलता बोलता उलगडेल.

प्रश्न : आमच्या गावातील जुने विश्रामगृह पाडून तेथे नवी इमारत होणार असे ऐकतो. ते वाचवता येईल का? निदान त्याचा इतिहास कोठे मिळेल? — एक वाचक, पारोळा

उत्तर : वाचवण्याचे मार्ग आहेत, पण ते अरुंद आहेत. महाराष्ट्राच्या १९६०च्या प्राचीन स्मारकविषयक अधिनियमाखाली राज्य संरक्षित स्मारक म्हणून घोषणा होऊ शकते. परंतु एखाद्या तालुक्याच्या विश्रामगृहाला तो मान मिळणे कठीण, हे मोकळेपणाने सांगतो. नगरपरिषदेच्या वारसा यादीत नाव घालून घेण्याची खटपट त्यामानाने अधिक फलदायी ठरते. यांपैकी काहीही करताना ‘जुनी वास्तू आहे’ एवढेच म्हणून चालत नाही. वर्ष, आराखडा आणि छायाचित्रे हाताशी असावी लागतात.

इतिहासासाठी पहिला आधार म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेशावरील खंड. तो १८८० साली निघाला, त्यात रस्ते, मुक्कामाची ठिकाणे आणि बंगले यांची माहिती आहे आणि तो आता संगणकावरही वाचावयास मिळतो. आपला बंगला त्यात असेल तर त्याचे वय निदान तेथपर्यंत मागे गेले. त्यानंतर नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढावी आणि बांधकाम विभागाकडे माहिती अधिकाराखाली इमारत नोंदवहीतील उतारा मागावा. अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. आणखी खोलात जावयाचे असल्यास मुंबईचे राज्य पुराभिलेखागार आहे, पण तेथे जाण्यापूर्वी वर्ष आणि खाते निश्चित करून जावे, नाहीतर रुमालांच्या, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदपत्रांच्या, ढिगात आठवडा जातो.

एक वस्तू मात्र आजच मागून घ्यावी : विश्रामगृहाची जुनी मुक्काम नोंदवही. तीत आलेल्याचे नाव, हुद्दा, आल्या-गेल्याची तारीख, भरलेले भाडे आणि अखेरचा शेऱ्याचा रकाना असतो. खानसाम्याविषयीच्या तक्रारी, पाण्याची रड, डासांचा वैताग, आणि स्वातंत्र्यानंतर इंग्रजी नावांच्या जागी येत गेलेली मराठी नावे, हे सारे त्या रकान्यात असते. इमारत पाडताना दगड आणि सागवान लिलावात निघते, त्याची यादी होते. ही वही मात्र रद्दीत जाते, कारण ती कोणाच्याच यादीत नसते. मूळ वही मिळणार नसेल तर परवानगीने प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे आणि एक प्रत धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात किंवा आपल्या गावच्या वाचनालयात ठेवावी.

इमारतीचे मोजमाप करावयास सिव्हिल शाखेचे दोन विद्यार्थी पुरेत. आधी जमिनीचा आराखडा, मग एक उभा छेद, मग दारेखिडक्या, आणि छायाचित्रांत मोजपट्टी ठेवून बारकावे. मागील बावर्चीखाना व नोकरांच्या खोल्या सोडू नयेत, कारण पाडकामाला तेथूनच सुरुवात होते. अर्जात मात्र ‘जुना साहेबाचा बंगला’ असे न लिहिता मिळकत पत्रिकेवरील नगर भूमापन क्रमांक लिहावा. नाहीतर तो अर्ज महसूल, बांधकाम आणि नगरपरिषद अशा तीन कार्यालयांत फिरून ‘आमच्याशी संबंधित नाही’ या शेऱ्यासह आपल्याकडेच परत येतो.